माणसाची नव्हे, जोड्याची प्रत ठरवा

(एटापल्ली येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात झालेले हे भाषण, ज्यांना त्या दिवशी येता आले नाही अशा वाचकांसाठी येथे देत आहोत.)



आज मी आपणांपुढे जोड्यांविषयी बोलणार आहे. हे ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. धम्माच्या व्यासपीठावर पायातल्या वहाणेचे काय काम, असा प्रश्न कोणी मनातल्या मनात विचारील. त्याला माझे एवढेच सांगणे आहे की, आताच दाराशी आपण जे जोडे काढून ठेवले आहेत, त्यांच्याकडे परत जाताना नीट पाहावे. कोणाच्या चपलेचा पट्टा तारेने अडकवलेला आहे. कोणाची टाच झिजून कागदासारखी पातळ झाली आहे. लहान मुलांच्या बुटांचे तळवे पुढून उघडले आहेत. आणि काही माणसे अशीही आली आहेत की, ज्यांना दाराशी काढून ठेवण्यासारखे काही नव्हतेच.

ही गरिबीची खूण आहे, असे म्हणून आपण पुढे जातो. परंतु सगळेच काही गरिबीने झालेले नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू महिन्याभरात निकामी होते, तेव्हा तिथे गरिबीखेरीज आणखीही काही घडलेले असते. कोणीतरी कमी प्रतीचा माल केला, कोणीतरी तो विकला, आणि विकत घेणाऱ्याला जाब विचारण्याचा हक्क आहे हे त्याला कोणी सांगितले नाही. तो हक्क कोणता, तो कुठवर पोहोचतो आणि कुठे तुटतो, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

पूर्वीची प्रतवारी

या देशात जोड्याचा आणि माणसाच्या दर्जाचा संबंध फार जुना आहे. गावात कोणी जोडे घालावेत, कोणत्या आळीतून घालावेत, कोणासमोर ते हातात घ्यावेत, याचे नियम होते. ते कुठल्या कचेरीत छापलेले नव्हते, तरी ते मोडणाऱ्याला शिक्षा ठरलेली होती. ज्यांनी ढोराचे कातडे काढले, ज्यांनी ते कमावले, ज्यांनी त्याची वहाण शिवली, त्यांनाच ती घालून पाटलाच्या वाड्यासमोरून जाण्याची मुभा नव्हती. वस्तू कशी आहे हे त्या व्यवस्थेत कोणी पाहत नसे. घालणारा कोण आहे, एवढेच पाहिले जाई. प्रत ठरवली जाई ती माणसाची.

ही फार जुनी गोष्ट झाली, असे समजू नका. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली तिच्या पालनाला शिक्षा ठरवणारा कायदा झाला आणि १९८९ साली अत्याचार प्रतिबंधाचा कायदा झाला. असे असूनही २०२३ सालच्या डिसेंबर महिन्यात तामिळनाडूतील तिरुप्पूर जिल्ह्यात राजावूर या गावी सुमारे साठ दलित स्त्री-पुरुषांना, एका रस्त्यावरून पायात चपला घालून चालता यावे म्हणून, एकत्र जमून चालून दाखवावे लागले. तो रस्ता त्यांच्याच गावातला होता. चपला त्यांच्याच पैशाच्या होत्या.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला बाबासाहेबांच्या हातून दीक्षा झाली. आपला हा मुलूख त्या वेळी चांदा जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली. त्या दीक्षेने माणसाची प्रत ठरवणारी जुनी मोजपट्टी आपण फेकून दिली. ज्यांनी मेलेली ढोरे ओढण्याचे सोडले, त्यांनी ते काम हलके म्हणून सोडले असे कोणी म्हणू नये. कातडे कमावणे हे कौशल्याचे काम आहे. हलकी होती ती सक्ती, आणि ते काम करणाऱ्याला मिळणारी वागणूक.

एक मोजपट्टी फेकून दिली, आता दुसरी हाती घ्यावयास पाहिजे. माणसे सगळी एका दर्जाची आहेत, हे ठरले. मग त्या सगळ्यांच्या पायांत जाणारी वस्तूही एका किमान दर्जाच्या खाली असता कामा नये. पहिल्यातून दुसरे आपोआप निघते. ते मागण्याचे मात्र आपण विसरलो आहोत.

सोणाची वहाण

वहाणेचा विषय धम्माला परका आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी विनयपिटकातील महावग्ग उघडून पाहावा. त्यातील पाचवा खंधक चामड्याच्या वस्तूंविषयीच आहे.

चंपेचा सोण कोळिविस हा श्रीमंत घरचा मुलगा भिक्षू झाला. राजगृहाजवळ सीतवनात तो अनवाणी चंक्रमण करी. त्याचे तळवे इतके कोमल होते की, चालता चालता ते फाटले आणि चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. पुढे भगवंतांनी त्याला एका थराच्या तळव्याची वहाण वापरण्यास सांगितले. त्यावर सोणाने दिलेले उत्तर आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, एवढे वैभव सोडून मी आलो, आणि आता एका वहाणेसाठी माझ्यावर वेगळी मेहेरबानी झाली, असे लोक म्हणतील. भगवंत साऱ्या संघाला परवानगी देत असतील, तर मीही घालीन. नसतील, तर मला नको. तेव्हा भगवंतांनी साऱ्या संघाला तशी वहाण वापरण्याची अनुज्ञा दिली.

पुढची हकीकत आपल्या मुलखाच्या आणखी जवळची आहे. अवंती-दक्षिणापथात, म्हणजे मध्यदेशाच्या दक्षिणेकडील सीमाभागात, महाकच्चायन स्थविर राहत असत. त्यांनी आपला शिष्य सोण कुटिकण्ण याच्याबरोबर भगवंतांकडे काही मागण्या पाठविल्या. त्यांत एक अशी होती की, आमच्याकडील भूमी काळी व कठीण आहे, गुरांच्या खुरांनी ती उखणलेली आहे, म्हणून इकडच्या भिक्षूंना अनेक थरांच्या तळव्याची वहाण वापरू द्यावी. भगवंतांनी ती मागणी मान्य केली.

या दोन गोष्टींत जोड्याच्या प्रतीसंबंधीचे दोन्ही नियम आले आहेत. सोय करावयाची तर ती सर्वांसाठी करावी, हा पहिला. आणि जमीन जशी असेल तसा तळवा असावा, हा दुसरा. आजच्या सरकारी मानकाचीही कसोटी याहून वेगळी नाही.

एटापल्लीची जमीन

आपली जमीन कशी आहे, हे मी तुम्हांला सांगावयास नको. एप्रिल-मेमध्ये पहाटे उठून माणसे तेंदूपाने तोडण्यास रानात शिरतात. तोडलेल्या झुडपांचे खुंट भाल्यासारखे उभे असतात. दुपारी परतताना जमीन भाजत असते. पावसाळा लागला की तीच माणसे धानाच्या बांधीत घोट्यापर्यंत चिखलात उभी राहतात.

चिखलातून अनवाणी पायाच्या कातडीवाटे अंकुशकृमी शरीरात शिरतो. तो आतड्यात राहून रक्त पितो, आणि बाई पांढरीफटक पडली की घरचे म्हणतात, तिला बाहेरचे काही लागले. गवतात आणि पाचोळ्यात घोणस असते, दगडांत फुरसे असते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांपैकी निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते, आणि बहुतेक मृत्यू खेड्यांतले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये, हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. त्या आराखड्यात औषध आहे, डॉक्टर आहे. पण रानात पाऊल टाकताना घोट्यापर्यंत येणारा चांगला बूट पायात असेल, तर कित्येकांवर दवाखान्यात जाण्याची वेळच येणार नाही. साधी चप्पल घोटा झाकीत नाही. आणि पहिल्याच पावसात भेगाळणारा बूट घेणाऱ्याला फक्त धीर देतो.

याच तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण चालते, आणि आपल्या व माडिया बांधवांच्या घरची तरुण मुले तिथे व तिच्या वाहतुकीवर कामाला आहेत. त्यांच्या पायांवर काटा नव्हे, दगड पडावयाचा असतो. म्हणून जोड्याची प्रत ही आपल्याकडे शोभेची बाब नाही. ती पायाची, रोजगाराची आणि कधी कधी जिवाचीही बाब आहे.

कायदा काय सांगतो

आता कायद्याकडे वळू. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, भारतीय मानक संस्था स्थापन झाली. वस्तूंवर प्रमाणचिन्ह देण्याचा कायदा १९५२ साली झाला. ज्याला आपण आयएसआयचा शिक्का म्हणतो तो त्याच कायद्यातून आला. १९८७ पासून या संस्थेची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली, आणि २०१६ साली ब्यूरोसाठी नवा कायदा झाला. या कायद्याने सरकारला असा अधिकार दिला आहे की, जनतेचे हित, आरोग्य किंवा सुरक्षितता यांसाठी आवश्यक वाटेल त्या वस्तूवर प्रमाणचिन्ह सक्तीचे करावे.

जोड्यांच्या बाबतीत हे चिन्ह कित्येक वर्षे ऐच्छिक होते. ज्याला वाटे तो घेई, ज्याला नको वाटे तो न घेताच माल विकी. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पादत्राणांविषयी गुणवत्ता नियंत्रणाचे आदेश काढले. ते १ जुलै २०२१ पासून लागू व्हावयाचे होते. उत्पादकांनी अडचणी सांगितल्या, आणि तारीख पुढे ढकलली गेली, तीही एकदा नव्हे. शेवटी मोठ्या व मध्यम कारखान्यांना आणि परदेशातून माल आणणाऱ्यांना १ जुलै २०२३ पासून चोवीस प्रकारच्या पादत्राणांसाठी ही सक्ती लागू झाली. सुधारित आदेश १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला. परदेशातून येणाऱ्या हलक्या मालाला आळा घालावा, हाही त्यामागे एक हेतू होता. तो हेतू काही असो, गिऱ्हाइकाच्या हाती एक साधन आले, हे खरे.

या आदेशांखाली येणाऱ्या मानकांत आपल्या रोजच्या वापराच्या वस्तू आहेत. रबरी हवाई चपलेचे मानक क्रमांक १०७०२ आहे. रबरी गमबुटाचे ५५५७ आहे. सुरक्षा बुटाचे १५२९८ आहे. प्रयोगशाळेत तळवा यंत्रावर पुन्हा पुन्हा वाकवून पाहतात की त्याला चीर जाते का. तो घासून झीज मोजतात. वरचा भाग आणि तळवा एकमेकांपासून ओढून त्यांची चिकटण किती आहे ते पाहतात. चपलेच्या पट्ट्याला ओढ देऊन तो केव्हा निसटतो ते पाहतात. सुरक्षा बुटाच्या पुढच्या टोपीवर २०० ज्यूलचा आघात करतात, म्हणजे वीस किलोचे वजन सुमारे एक मीटर उंचीवरून टाकतात, आणि आत बोटांना पुरेशी जागा उरते की नाही हे मोजतात. खाणीतल्या मुलाच्या पायाची बोटे शाबूत राहणे हे त्या मोजणीवर अवलंबून आहे.

चिन्ह कसे पाहावे

बाजारात गेल्यावर जोडा हातात घेऊन तो वाकवून पाहणे हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्याबरोबर आता चिन्हही पाहावयास शिकले पाहिजे. आयएसआयच्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, आणि खाली सीएम/एल या अक्षरांपुढे कारखान्याच्या परवान्याचा क्रमांक असतो. नुसते चिन्ह आहे आणि क्रमांक नाही, असे असेल तर संशय घ्यावा. चिन्ह छापणे सोपे आहे. परवाना मिळविणे कठीण आहे. ज्या घरात मोबाइल आहे, त्या घरातील शिकलेल्या मुलाने ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये तो क्रमांक घालून पाहावा. परवाना कोणाचा आहे, कशासाठी आहे आणि तो चालू आहे की नाही, हे तिथे कळते. शिळ्या श्रद्धेने काही स्वीकारू नये, तपासून घ्यावे, ही शिकवण आपल्या धम्माचीच आहे. ती बाजारातही लागू करावी.

माल खराब निघाला तर पावती पाहिजे. आठवडी बाजारात पावती कोण देतो, असे तुम्ही म्हणाल. मागितल्याखेरीज कोणीच देत नाही, हे खरे आहे. पण मागणारे दहा झाले की देणारे दोन तरी होतात. ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा २०१९ साली झाला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. त्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला त्याखालच्या नियमांनी शुल्क ठेवलेले नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतीचा क्रमांक आहे. दीडशे रुपयांच्या चपलेसाठी गडचिरोलीला कोण जाणार, हा प्रश्न योग्य आहे. म्हणूनच मी एकट्यादुकट्याच्या तक्रारीवर फार भिस्त ठेवीत नाही. त्याचा उपाय पुढे सांगतो.

कायद्यातील फट

आता या कायद्याची दुबळी बाजू आपल्यापुढे मांडली नाही, तर मी अर्धेच सत्य सांगितले असे होईल.

चिन्ह घ्यावयाचे म्हणजे कारखान्याची तपासणी, नमुन्यांची चाचणी, परवान्याची व चिन्हाची फी, आणि चाचणीची यंत्रे, एवढा खर्च येतो. मोठ्या कारखानदाराला तो जड जात नाही. आग्र्याच्या गल्लीत, धारावीच्या खोलीत किंवा आपल्याच गावच्या झाडाखाली जो कारागीर जोडे शिवतो, त्याला तो कुठून परवडणार? ही ओरड खोटी नव्हती. म्हणून लहान उत्पादकांना आधी जास्त मुदत देण्यात आली, आणि २०२४ मध्ये ज्यांची वार्षिक उलाढाल ५० कोटी रुपयांच्या आत आहे अशांना सक्तीतून वगळण्यात आले.

कारागिराच्या बाजूने पाहिले तर ही सवलत न्यायाची आहे. ज्या जातीने हजार वर्षे देशाचे जोडे शिवले, तिचाच धंदा प्रमाणपत्राच्या नावाखाली मोठ्या कारखान्यांच्या घशात जावा, हे आपण कधीही मान्य करणार नाही. कोल्हापुरी वहाणेचे उदाहरण घ्या. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने तिच्यासारखीच वहाण मिलानच्या प्रदर्शनात मांडली. प्रथम तिच्या मूळ कारागिरांचे नावही घेतले नाही. इकडून आवाज उठल्यावर मूळ कबूल केले. त्या वहाणेची प्रत कोणत्याही यंत्राने ठरविलेली नव्हती. ती पिढ्यान्‌पिढ्या हातांनी राखलेली होती.

परंतु घालणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर त्याच सवलतीतून एक फट निर्माण होते. पन्नास कोटींच्या आतील उत्पादक म्हणजे केवळ झाडाखालचा कारागीर नव्हे. उरलेसुरले प्लॅस्टिक वितळवून रातोरात हजारो चपला ओतणारे छोटे कारखानेही त्यातच आले. त्यांचा माल सर्वांत स्वस्त असतो, म्हणून तो सर्वांत लांब आणि सर्वांत गरीब बाजारात जातो. शहरातल्या काचेच्या दुकानात चिन्हाचा बूट, आणि एटापल्लीच्या जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रीवर बिनचिन्हाची चपल. ज्याच्या पायाला संरक्षणाची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच पायापर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. सोणाने जी वेगळी वागणूक नाकारली, ती इथे उलट्या दिशेने आली आहे. काहींसाठी मानक आहे, आणि उरलेल्यांना ज्याचे त्याने पाहावयाचे आहे.

मग कारागिराला मारावयाचे की घालणाऱ्याला? कोणालाच नाही. दोघेही आपलेच आहेत. यातून निघणारा मार्ग असा की, चाचणीचा खर्च एकट्या कारागिराच्या माथी न मारता तो सामायिक करावा. जिल्ह्याजिल्ह्यांत लहान उत्पादकांसाठी सामायिक चाचणी केंद्र असावे, नमुना तपासणीची फी शासनाने भरावी, आणि जो कारागीर या कसोटीला उतरेल त्याला चिन्ह मिळावे. चर्मकारांच्या विकासासाठी राज्यात संत रोहिदासांच्या नावाचे महामंडळ आहे. कर्ज आणि हत्यारे यांच्याबरोबर प्रमाणपत्रापर्यंत नेऊन पोहोचवणे हे त्याचे काम व्हावे, अशी मागणी आपण केली पाहिजे.

सरकारही गिऱ्हाईक आहे

आपल्या पोरांच्या पायांतला बूट बऱ्याचदा सरकारच्या पैशाचा असतो. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२३ मध्ये शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोडी बूट व दोन जोडी पायमोजे देण्याचे ठरविले, आणि त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरले. योजना चांगली आहे. परंतु १७० रुपयांत पायमोज्यांसह येणारा बूट किती चालेल, याचा हिशेब कोणत्याही आईला येतो. रक्कम ठरविणाराने आधी मानक पाहावे आणि मग रक्कम ठरवावी. आधी रक्कम ठरवून तीत जे बसेल ते घेणे हा उलटा व्यवहार होय.

शेजारच्या राज्यांतला अनुभवही डोळे उघडणारा आहे. छत्तीसगडात तेंदूपाने तोडणाऱ्यांना पादत्राणे देणारी चरणपादुका योजना होती. मध्यंतरी ती बंद पडली, आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मध्य प्रदेशातही अशीच योजना निघाली. तिथे २०१८ साली, वाटपासाठी आलेल्या जोड्यांपैकी काहींच्या आतल्या तळव्यात अझो रंग असल्याचे चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या तपासणीतून निघाले, आणि मोठा वाद झाला. काही अझो रंग घामाच्या संपर्कात फुटून कर्करोगाला कारण होऊ शकणारी द्रव्ये सोडतात. म्हणून अशा रंगांवर आपल्या देशात १९९० च्या दशकापासूनच बंदी आहे. काट्यापासून पाय वाचावा म्हणून दिलेल्या जोड्यातच अशी शंका निघावी, यापरते दुर्दैव कोणते? पण त्यातला दुसरा धडाही घ्या. नमुने तपासले गेले म्हणून ते कळले. तपासले गेले नसते, तर ते जोडे मुकाट्याने झिजले असते, आणि झालेल्या आजाराला माणसाने आपले नशीब म्हटले असते.

आपण काय करावयाचे

आता उपाय सांगतो. तो एकट्याने करावयाचा नाही.

पहिली जागा शाळेची. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्यांत आपल्या बायाही असतात. बूट येतील तेव्हा समितीने ठराव करावा की, मानक चिन्ह आणि परवान्याचा क्रमांक पाहिल्याखेरीज माल ताब्यात घेतला जाणार नाही. पोच पावतीवर सही करणाऱ्या बाईने आधी एक बूट हातात घेऊन तो वाकवावा आणि आतला शिक्का वाचावा.

दुसरी जागा ग्रामसभेची. एटापल्ली तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसा आणि वनहक्क कायद्यांच्या आधाराने या जिल्ह्यातील ग्रामसभा तेंदूपानांचा व्यवहार स्वतः करू लागल्या आहेत. करार ग्रामसभेच्या हाती आहे, तर अटही ग्रामसभेच्या हाती आहे. हंगामाच्या आधी पाने तोडणाऱ्या प्रत्येक बाईला आणि पुरुषाला घोट्यापर्यंतचा, चिन्ह असलेला बूट मिळावा, ही अट करारात घालता येईल. किंवा ग्रामसभेने आपल्या निधीतून एकदम शंभर जोड मागवावेत. एकट्या माणसाला पावती मिळत नाही, पण शंभर जोडांना पावतीही मिळते, सूटही मिळते, आणि माल खराब निघाला तर गडचिरोलीला जाणारा एक प्रतिनिधी साऱ्यांच्या वतीने जाऊ शकतो. मघाशी मी जो उपाय राखून ठेवला होता, तो हा. यात माडिया आणि गोंड बांधव आपल्याबरोबर असले पाहिजेत. काटा जात विचारून रुतत नाही.

तिसरी जागा कामाची. खाणीत काम करणाऱ्याला संरक्षक पादत्राण देणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि त्यासाठी मजुराकडून पैसे घ्यावयाचे नसतात. ठेकेदाराच्या माणसालाही ते मिळाले पाहिजे. बूट मिळाला की त्यावर मानकाचा क्रमांक पाहा. नसेल तर संघटनेमार्फत लेखी मागा. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते.

चौथी गोष्ट तरुणांसाठी. आपल्यापैकी जो मुलगा किंवा मुलगी विज्ञान शिकते आहे, तिने रसायनशास्त्राचा आणि चर्मतंत्राचा विचार करावा. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ सालापासून आहे. पादत्राणांच्या शिक्षणाच्या संस्था देशात आहेत, आणि मानक ब्यूरोत परीक्षकांच्या जागा निघतात. ज्यांच्या आज्यांनी जोडे हातात घेऊन गावातून वाट काढली, त्यांच्या नातींनी प्रयोगशाळेत बसून देशाचे जोडे कसाला लावावेत, आणि मानक लिहिणाऱ्या समितीत बसून सांगावे की, हा तळवा एटापल्लीच्या रानात टिकणार नाही, तो बदला. महाकच्चायनांनी आपल्या मुलखाच्या जमिनीची हकीकत वरपर्यंत पोहोचविली होती, म्हणून नियम बदलला. आपल्या जमिनीची हकीकतही कोणीतरी पोहोचवावयास पाहिजे.

शेवटी एवढेच. मागच्या पावसाळ्यात या भागातल्या एका आईने मला आपल्या मुलाचा बूट दाखविला. पाचव्या आठवड्यात त्याचा तळवा सुटला होता. मी तिला विचारले, कोणाकडे तक्रार केली काय? ती म्हणाली, आमच्यासाठी असेच येते, गुरुजी. मला त्या सुटलेल्या तळव्याचे दुःख झाले नाही, इतके त्या वाक्याचे झाले. आमच्यासाठी असेच येते, हे जुन्या प्रतवारीचे वाक्य आहे. गावकुसाबाहेरचे पाणी असेच, उष्टे अन्न असेच, उतरलेले कापड असेच. ते वाक्य आपण दीक्षाभूमीवर टाकून आलो, असे मी समजत होतो. ते अजून एका बुटाच्या तळव्याखाली शिल्लक आहे.

भगिनींनो, ते वाक्य आज इथेच सोडा. आपण दाराशी जाल तेव्हा आपापला जोडा उलटा करून पाहा. त्याच्यावर काही लिहिले असेल तर मुलाकडून वाचून घ्या. काही लिहिलेले नसेल, तर पुढचा जोडा घेताना काय विचारावयाचे, ते आता तुम्हांला ठाऊक झाले आहे.

जय भीम.